पिन अंगठ्याने सरकली पाहिजे

सकाळी साडेआठ

फेब्रुवारी सरत आला की भोपाळच्या आसपासचा शेतकरी दोन गोष्टींवर डोळा ठेवून असतो. शरबतीची ओंबी भरली का, आणि ट्रॅक्टरचा धूर वाढला का. मार्चच्या मध्यावर कापणी जोर धरते. मग थ्रेशर, ट्रॉल्या आणि मंडीसमोरच्या रांगा. त्या गर्दीत इंजिन बसलं तर हंगामच बसतो. म्हणून सिहोर, बैरसिया, रायसेन, विदिशा अशा चहूबाजूंनी या दिवसांत आमच्या ऐशबागेतल्या मशीनशॉपमध्ये ट्रॅक्टरचे ब्लॉक, क्रँक आणि पोत्यात भरलेले कनेक्टिंग रॉड येऊन पडतात.

कुलूप उघडल्यावर पहिलं काम मोजायचं, चहा नंतर. ही शिस्त बाबांची. ते भेलमध्ये टूलरूमला होते आणि तिथलं एक वाक्य घरातसुद्धा ऐकवायचे: गरम वस्तू मोजू नये. मोजमापाचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस धरलेलं आहे. आमच्या पत्र्याखाली ते वर्षातल्या मोजक्याच सकाळी सापडतं, आणि एसीचं बिल आम्हाला परवडत नाही. त्यावर साधा तोडगा म्हणजे रॉड, पिस्टनच्या पिना, मायक्रोमीटर आणि बोअर गेज रात्री एकाच सरफेस प्लेटवर ठेवून घरी जायचं. सकाळी सगळी मंडळी एकाच तापमानाला असतात. ते २० आहे की २४, याने मग फारसं बिघडत नाही. बिघडतं ते एक गरम आणि एक थंड असताना. होनिंग मशीनवरून नुकताच उतरलेला, हाताला चटका देणारा रॉड पिनेपेक्षा तीस अंशांनी गरम असेल, तर सव्वा इंचाचं छिद्र एक शतांश मिलिमीटरहून जास्त मोठं दिसतं. पिन आणि तिच्याभोवतीचं रॉडमधलं बुश यांच्यात ठेवायची जागाच मुळात दोन-तीन शतांशांची. म्हणजे गरमागरम मोजणाऱ्याने निम्मं माप आधीच गमावलेलं असतं.

काल संध्याकाळी होन करून ठेवलेले चार रॉड आज पहिले. पिनेला तेलाचं बोट लावायचं, रॉड आडवा धरायचा, पिन बुशात अंगठ्याने ढकलायची. सारखी, न अडखळता, किंचित विरोध करत सरकली पाहिजे. उभी धरली तर स्वतःच्या वजनाने खाली यावी, पण सावकाश. दाणकन पडली तर बुश सैल, आणि हातोडीचा दांडा लावावा लागला तर घट्ट. चाचा, आमचे जुने फिटर, हे अंगठ्यावर सांगतात आणि मी बोअर गेजवर. आमची उत्तरं जुळली नाहीत तर मी गेज पुन्हा शून्यावर आणतो.

साडेनऊ

पोहे आणि जिलेबी. भोपाळमध्ये हे एकत्रच खातात, आणि त्यावर टीका करणारा पाहुणा दुसऱ्या दिवशी स्वतःच मागून घेतो.

दहा

बैरसियाकडचा एक ट्रॅक्टर आहे. मॅसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पर्किन्सच्या घराण्यातलं. बोअर ९१.४४ मिलिमीटर आणि स्ट्रोक १२७, म्हणजे तीन पूर्णांक सहा दशांश इंच आणि बरोबर पाच इंच. आकडे मिलिमीटरमध्ये सांगितले तरी या इंजिनाचा जन्म इंचातला आहे. पिनही सव्वा इंची. मालक पटेल स्वतः आलेत, सोबत मुलगा आहे. तक्रार अशी की थंड इंजिन रिकाम्यावर चालताना बारीक टकटक येते आणि दोन नंबरचा सिलिंडर धूर काढतो.

आवाजावरून थोडंफार कळतं. बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं टोक, सैल असेल तर दणका जड येतो. त्या सिलिंडरची डिझेलची नळी ढिली केली की तो दबतो. पिनेचा आवाज धातूचा, बारीक, बहुधा जोडीने येणारा: टकटक, टकटक. नळी ढिली केल्यावर तो तसा दबत नाही, उलट कधी जास्त स्पष्ट होतो. अर्थात गावच्या मिस्त्रीने इंजिन आधीच खोलून आणलंय, त्यामुळे ऐकायला काही उरलेलं नाही. आता वाचायचं.

आणि पिस्टन वाचता येतो. पटेलांच्या मुलाला मी तीनही पिस्टन ओळीत मांडून दाखवले. एक आणि तीन नंबरच्या स्कर्टवर घासल्याची खूण मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी. दोन नंबरवर मात्र एका बाजूला ती पिनेच्या छिद्राच्या वर आहे आणि समोरच्या बाजूला छिद्राच्या खाली, तिरकी. असा तिरका पट्टा दिसला की रॉड सरळ नाही, हे मशीनवर न चढवताही सांगता येतं. पिस्टन सिलिंडरमध्ये कलून चालत होता, रिंगा एका बाजूला टेकत होत्या, धूर तिथून आला. लोक अशा वेळी नवे लायनर, नव्या रिंगा टाकून मोकळे होतात आणि रॉड तोच ठेवतात. सहा महिन्यांत धूर परत.

‘हेड का गॅस्केट गया था पिछले साल?’ मी विचारलं. पटेलांनी मुलाकडे पाहिलं. गेलं होतं. रात्रभर दोन नंबरमध्ये पाणी उतरलं, सकाळी स्टार्टर मारला. बाकीच्या दोन सिलिंडरांनी इंजिन पकडलं आणि दुसरा पिस्टन पाण्यावर आपटला. हवा दबते, पाणी दबत नाही. डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर हेडपर्यंतची जागा जेमतेम मिलिमीटरभर असते, त्यामुळे थोडं पाणीही पुरतं. मग सगळ्यात लवचीक जे असेल ते वाकतं, आणि ते म्हणजे रॉडचा दांडा. पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यावरून गाडी घालणाऱ्यांच्या पेट्रोल गाड्याही असंच दुखणं घेऊन येतात, फक्त पाणी हवेच्या फिल्टरवाटे आत गेलेलं असतं.

साडेअकरा ते दीड

हे दोन तास दिवसातले सगळ्यात मोलाचे. या वेळात फोन घ्यायचा नाही असं ठरलेलं आहे आणि तो घेतला जातोच.

आधी खुणा. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र बांधूनच बोअर केलेली असते. म्हणून दोन्हींवर सारखा नंबर असतो आणि बसवताना दोन्ही नंबर एकाच बाजूला यावे लागतात. एकाची कॅप दुसऱ्याला लावली किंवा उलटी लावली तर छिद्र गोल राहत नाही. गावच्या मिस्त्रीने तिन्ही कॅपा एका डब्यात टाकून आणल्या होत्या. नंबर होते म्हणून जुळल्या.

मग धुणं आणि तडा पाहणं. मोठ्या कारखान्यात चुंबकीय कणांची चाचणी असते. आमच्याकडे लाल डाय आणि पांढऱ्या डेव्हलपरच्या फवारण्या आहेत. बाबांच्या काळातली रीत याहून स्वस्त होती: रॉड रॉकेलमध्ये बुडवायचा, कोरडा पुसायचा, वर खडूची पूड चोळायची आणि वाट पाहायची. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल रेघ बनून खडूवर उमटतं. बोल्टाच्या बसकेजवळ आणि दांडा जिथे बिग एंडला मिळतो त्या वळणात सगळ्यात आधी पाहायचं. तिथे रेघ आली की चर्चा संपली.

त्यानंतर रंग. बिग एंडभोवती निळी-जांभळी झाक असेल तर बेअरिंग तेलाविना चालून जाम झालं होतं, बहुतेक रॉडच्या आत फिरलंही होतं. ते पोलाद तापून आपली ताकद घालवून बसलेलं असतं. असा रॉड घासून चकचकीत करून विकणारे आहेत. म्हणून जुना रॉड विकत घेताना फार चकाकणारा असेल तर मला आधी शंका येते.

आता कॅप बांधून, बोल्ट टॉर्क रेंचने पूर्ण आवळून बिग एंडचं छिद्र मोजायचं. सैल बांधून मोजलेलं माप म्हणजे नुसती करमणूक. तीन दिशांनी बोअर गेज फिरवायचं. इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर जाऊन थांबतो तेव्हा त्याचं वजन कॅपला ओढतं, त्यामुळे वर्षानुवर्षं चाललेलं छिद्र उभ्या दिशेला लांबट होत जातं. थोडं लांबट असेल तर कॅप आणि रॉड दोन्हींची तोंडं कणभर ग्राइंड करायची, पुन्हा आवळायची आणि होन करून मूळ मापाचं छिद्र आणायचं. यात रॉडची लांबी दोन-चार शतांशांनी कमी होते. तेवढी चालते, पण तिन्ही रॉडांची सारखीच व्हायला हवी.

हे काम करू नये असे रॉडही हल्ली येतात. कॉमन रेल डिझेलच्या बऱ्याच इंजिनांत कॅप कापून वेगळी केलेली नसते, तोडून वेगळी केलेली असते. अख्खा रॉड घडवतात, बिग एंडला आत बारीक खाच पाडतात आणि झटक्यात फोडतात. तुटलेल्या तोंडांवरचे खडबडीत उंचवटे एकमेकांत नेमके बसतात, इतके की पिनांची, खाचांची गरजच उरत नाही. त्या तोंडावर कोणी कानस किंवा ग्राइंडर फिरवला की रॉड भंगारात. अशा रॉडांचे बोल्टही बहुतेक एकदाच वापरायचे, कारण ते आवळताना मुद्दाम ताणले जातात. ग्राहकाला बोल्टाचे पैसे जड वाटतात. बोल्ट सुटल्यावर ब्लॉकच्या बाजूला पडणाऱ्या भोकाचे पैसे त्याहून जड असतात.

शेवटी सरळपणा. अलाइनमेंटच्या जिगवर बिग एंड बसवून पिस्टनकडच्या स्मॉल एंडमध्ये पिन घालायची आणि डायल फिरवायचा. दोन्ही छिद्रं एकमेकांना समांतर हवीत. वाक साधारण १०० मिलिमीटरला पाच शतांशांहून जास्त नको, पीळ त्याच्या आसपास. एक आणि तीन नंबर पास. दोन नंबरचा काटा एवढा फिरला की पटेलांच्या मुलाला न सांगताच कळलं.

‘प्रेसमध्ये दाबून सरळ नाही होत का?’ त्याने हिंदीत विचारलं. होतो. या शहरात कुणीही करून देईल, मीही लहानपणी ते होताना पाहिलंय. पण एकदा वाकलेलं पोलाद जबरदस्तीने उलटं वाकवलं की ताण आतच राहतो, आणि दर मिनिटाला शेकडो वेळा दाब-ओढ खाणाऱ्या वस्तूत असा ताण ठेवणं मला मान्य नाही. चाचांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते जुन्या जाड रॉडाला चालून जातं. आमचा हा वाद चहाच्या दुकानात सोडवायचा, ग्राहकासमोर नाही.

दोन

जेवण डब्यातलं, आणि मग खरेदीची बोलणी.

आता प्रश्न निवडीचा. एकच रॉड बदलायचा की तिन्ही? जे दोन सरळ आहेत, तडा नाही, निळे पडलेले नाहीत, ते कारखान्याच्या घडाईचे आहेत. ते मी बदलत नाही. बाजारातल्या अनोळखी डब्यातल्या नव्या रॉडापेक्षा असा जुना रॉड नवं बुश टाकून शंभर पटींनी बरा. दोन नंबरला मात्र नवा हवा आणि तो कंपनीच्या अधिकृत दुकानातूनच. हा हट्ट महाग पडतो आणि मी तो सोडत नाही.

नवा रॉड आणतानाही इंजिनाचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाच्या इंजिनात वर्षागणिक पिनेची जाडी बदलते, टर्बो आला की पिन मोठी होते आणि स्मॉल एंड वरून निमुळता, खालून रुंद होतो. खालच्या बाजूला ज्वलनाचा धक्का येतो, तिथे टेकायला जागा जास्त हवी म्हणून. तेव्हा जुना रॉड सोबत न्यायचा आणि काउंटरवरच पाच गोष्टी ताडायच्या: दोन छिद्रांमधलं अंतर, दोन्ही छिद्रांची मापं, बिग एंडची रुंदी, बेअरिंगच्या जिभेची खाच कोणत्या बाजूला, आणि तेलाचं भोक कुठे. मग वजन. सोनाराकडे असतो तसा इलेक्ट्रॉनिक काटा आम्ही ठेवतो आणि रॉडचं एक टोक टांगून दुसरं तोलतो. स्मॉल एंड पिस्टनबरोबर वरखाली जातो आणि बिग एंड क्रँकबरोबर फिरतो, म्हणून एकूण वजन जुळून भागत नाही, टोकंही जुळावी लागतात.

बुशांचं कोल्हापूरशी नातं आहे. माझं आजोळ तिथलं. उद्यमनगरातून फिरताना लहानपणी सगळीकडे लेथचाच आवाज यायचा. आज मेनन पिस्टन्स आणि मेनन बेअरिंग्ज ही कोल्हापूरचीच नावं भोपाळच्या शेल्फवर, चेन्नईच्या इंडिया पिस्टन्सच्या शेजारी दिसतात. पोलादाच्या पाठीवर ब्राँझचा थर दिलेलं तयार बुश मिळत असेल तर मी तेच घेतो. समोरच्या गल्लीत ब्राँझची कांब लेथवर लावून अर्ध्या किमतीत बुश काढून देतात. काढून देणाऱ्याचा हात चांगला आहे, पण कांब कुठल्या भंगाराची हे त्यालाही माहीत नसतं.

तीन

नवं बुश प्रेसने बसवताना पाहायचं एकच: बुशाचं तेलाचं भोक रॉडच्या भोकासमोर आलं पाहिजे. काही इंजिनांत बिग एंडपासून दांड्यातून आरपार तेल वर येतं, काहींत वरच्या भोकातून उडालेले थेंब झिरपतात. भोक झाकलं गेलं की पिन कोरडी चालते आणि पहिल्या आठवड्यातच आवाज परत येतो. जोड असलेलं बुश असेल तर तो जोड वर किंवा खाली, म्हणजे भार येतो त्या जागी, येऊ द्यायचा नाही.

प्रेस झाल्यावर बुश आतून आवळतं. म्हणून माप बसवल्यानंतर काढायचं. हात-रीमर पुष्कळ जण मारतात. रीमर जिकडे ओढतो तिकडे छिद्र सरकतं. बुशातलं छिद्र मधोमध नसेल तर रॉडची लांबीच बदलते. पर्किन्सने पुढच्या १००० मालिकेत हीच गोष्ट मुद्दाम वापरली. बुशाचं छिद्र थोडं वर किंवा खाली बोअर करून रॉडांचे लांबीचे वेगवेगळे दर्जे केले, अक्षरं देऊन, म्हणजे पिस्टन डेकच्या किती वर येतो ते हवं तसं जमवता येईल. कारखान्यात जे मोजून केलं, ते गल्लीत न मोजता घडतं. मी बोअरिंगच्या जिगवर कापतो आणि शेवटचे दोन शतांश होनिंगवर घेतो.

चार

मध्येच एका जुन्या पेट्रोल गाडीचे चार रॉड. मेकॅनिकने चिठ्ठी पाठवलीय: ‘बुश टाकून द्या.’ या रॉडांना बुश नसतंच. पिन रॉडमध्ये घट्ट बसते आणि पिस्टनमध्ये फिरते, म्हणून पिस्टनला सरक्लिपची खाच नसते. बुश टाकून पिन मोकळी केली की तिला धरणारं काहीच उरत नाही. ती बाजूला सरकते आणि सिलिंडरमध्ये खोल चर पाडते. फोन करून समजावलं. छिद्र सैल झालं असेल तर तो रॉडच बदलायचा.

छिद्रं ठीक निघाली. मग स्मॉल एंड विजेच्या हीटरवर साधारण अडीचशे अंशांपर्यंत तापवायचा. २० मिलिमीटरचं छिद्र तेवढ्याने पाच शतांश उघडतं. पिन थंड, स्टॉपर आधीच लावलेला. पिन आत घातल्यावर पाच-सहा सेकंदांत रॉड तिला पकडतो आणि मग हलत नाही. हातोडीने ठोकून बसवणारा पिस्टन वाकडा करतो.

तिसरी तऱ्हा जुन्या अ‍ॅम्बेसेडरची: १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनात स्मॉल एंडला चीर असते आणि आडवा बोल्ट पिनेला चिमटीत धरतो. २०१४ मध्ये गाडी बंद झाली. असा रॉड आता क्वचितच येतो, आणि आला की चाचा तो दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

साडेपाच

मॅसीचे पिस्टन गरम पाण्याच्या पातेल्यात. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. पाणी उकळीला आलं की पिस्टनचं छिद्र अर्ध्या दशांश मिलिमीटरएवढं मोठं होतं आणि पिन हाताने आत जाते. पिस्टनवरची खूण आणि रॉडचे नंबर कोणत्या तोंडाला, हे आधी मॅन्युअलमध्ये पाहून खडूने लिहून ठेवायचं. पुष्कळ इंजिनांत पिन मध्यापासून किंचित सरकवलेली असते, म्हणजे भार बदलताना पिस्टन भिंतीवर आपटत नाही. उलटा बसला तर नवं इंजिनही जुन्यासारखं वाजतं. सरक्लिपा नेहमी नव्या, आणि बसवल्यावर खाचेत फिरवून पाहायच्या.

सात

पटेल बिल वाचतात. नवा रॉड, तीन बुश, बिग एंडची दुरुस्ती, अलाइनमेंट. ‘को खां, रॉड तो गाँव में आधे में सीधा कर देते,’ शेजारच्या दुकानदाराने उगाच तेल ओतलं. मी पटेलांना वाकडा रॉड आणि तिरका घासलेला पिस्टन परत दिला. ते त्यांचेच आहेत. मापांची चिठ्ठीही दिली. त्यांनी पैसे मोजून दिले.

इंजिन बांधायला टाकणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती एवढीच: जुने पार्ट परत मागा, आणि कॅप आवळून घेतलेली मापं कागदावर लिहून घ्या. जो मिस्त्री ती लिहून द्यायला तयार नसेल, त्याच्याकडे ब्लॉक ठेवू नका.